भिंतीचं बोळकं

"वहिनी, रागावणार नसाल तर एक सांगते. काल तुम्ही भिंतीवरून दिलेल्या तिळाच्या वडीनं माझी कॅप काढली."

वहिनी शेवंतीची वाळकी फुलं खुडत होत्या. हात तसाच राहिला. "कसली कॅप?"

"दातावरची हो. खालच्या दाढेवरची. सात हजारांची."

"अगंबाई! पाक जरा पुढं गेलाच होता या खेपेला. मला वाटलं, निवल्यावर सुधारेल." आणि मग एकदम दचकून, "गिळली नाहीत ना?"

"गिळते कशाला! वडीतच रुतली होती, दाण्याचं कूट नीट झालं नसावं तशी. धुऊन पुडीत बांधलीय. उद्या जाऊन परत चिकटवून आणायची."

आमच्या दोन बंगल्यांमधली भिंत कमरेइतकीच आहे. सहकारनगरात, पर्वतीच्या अंगाला, असे जुने बैठे बंगले आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत. बाकी सगळीकडे रीडेव्हलपमेंटचे पत्रे लागलेत. भिंतीच्या मधोमध दोन विटा कधीच्या निखळल्या आहेत. त्या खाचेत वाटी बरोबर बसते, म्हणून आम्ही दोघींनी ती बुजवू दिलेली नाही. गेली तीस वर्षं तिच्यातून कोशिंबिरी, विरजण, सुनांची गाऱ्हाणी आणि कोणाच्या घरी काय शिजतंय याच्या बातम्या इकडून तिकडं जातात. वहिनींचे नाना त्या खाचेला 'भिंतीचं बोळकं' म्हणतात.

नाना व्हरांड्यात 'सकाळ' उघडून बसले होते. डोळे अग्रलेखात आणि कान आमच्यात, हे नेहमीचंच. "सात हजार म्हणजे स्वस्तात सुटलात," तिथूनच म्हणाले. "हिच्या दोन दातांना सत्तर गेले. सत्तर हजार. एवढ्यात माझी पहिली स्कूटर आली असती, तीही पाच-सहा वेळा."

"इम्प्लांट म्हणावं, नुसते दात नव्हेत," वहिनींनी सुधारून घेतलं. "आणि मुलानं पाठवले पैसे, तुमच्या पेन्शनीतून नाही गेले."

इम्प्लांटचं नाव निघालं की नाना थांबत नाहीत. ब्रॅनमार्क नावाच्या स्वीडनच्या माणसानं सशाच्या हाडात टिटॅनियमचं काहीतरी बसवलं, प्रयोग संपल्यावर ते निघेचना, हाड त्याला धरूनच बसलं, आणि त्यातून १९६५ साली पहिल्या माणसाच्या जबड्यात असे दात बसवले गेले, हे मी त्यांच्या तोंडून किमान दहादा ऐकलंय. वहिनी म्हणतात, आमच्या घरात तो ससा माझ्यापेक्षा जास्त लाडका आहे.

बरं, पैसे पाठवणाऱ्या मुलाची गंमत वेगळीच. तो न्यू जर्सीत. चांगली नोकरी, चांगलं घर. पण दात दुखला की तिकडं दाखवत नाही, लवंग धरून बसतो आणि डिसेंबरात पुण्याला आला की आधी डेंटिस्ट, मग सारसबागेतला गणपती. गेल्या वर्षी त्याचे दोन रूट कॅनाल आणि सुनेची एक अक्कलदाढ असा कार्यक्रम होता. तिथं सगळं भारी महाग, विम्यातही वर्षाला ठरावीक रकमेपुढं काही बसत नाही. म्हाताऱ्यांना सरकारी मेडिकेअर असतं, पण त्यातही दातांचं नेहमीचं काम धरत नाहीत म्हणे.

"म्हणजे अमेरिकेतसुद्धा तोंड शरीराच्या बाहेर!" नाना म्हणाले.

त्यांना हे लागलेलं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मानचं कार्ड मिळणार, पाच लाखांपर्यंतचे उपचार फुकट, उत्पन्नाची अट नाही, असं जाहीर झालं तेव्हा नानांनी पहिल्या आठवड्यात कार्ड काढलं. प्लास्टिकच्या पाकिटात घालून ते थेट आपल्या हिरड्या घेऊन डेंटिस्टकडं गेले. तो बिचारा हसून म्हणाला, "नाना, हे दवाखान्यात दाखल झालेल्यांसाठी. दाताच्या खुर्चीत कोणी दाखल होत नाही." आमच्या मेडिक्लेमचंही तेच. अपघातात तोंड फुटलं आणि ॲडमिट झालात तर विचार करू. म्हणजे दात वाचवायचे तर आधी रिक्षाखाली यायला हवं!

त्या मानानं आमच्या घरी बरं आहे. आमचे हे डिफेन्स अकाउंट्समधून निवृत्त झाले, त्यामुळं सीजीएचएसचं कार्ड. कवळीचे ठरलेल्या दरानं पैसे परत मिळतात. पहिली कवळी सैल झाली म्हणून मध्ये दुसरी केली. दात गेले की आतलं हाड झिजत जातं आणि कवळी मात्र होती तेवढीच राहते, म्हणून ती खुळखुळते, हे मला तेव्हा कळलं. रात्री ती स्टीलच्या वाटीत पाणी घालून ठेवतात. नात लहान असताना पाहुण्यांना हाताला धरून दाखवायला न्यायची, "चला, आजोबांचं हसू बघायला."

इतक्यात मागच्या फाटकातून आक्का आल्या.

आक्का आम्हा दोघींच्या घरी पोळ्या करतात. आधी वहिनींकडं, मग माझ्याकडं, मग लक्ष्मीनगरात दोन घरं. राहायला जनता वसाहतीत, टेकडीच्या उतारावर, पार वरच्या अंगाला. वय सदुसष्ट. मूळच्या माण तालुक्यातल्या. आल्या आल्या वहिनींनी त्यांच्या हातावर तिळाची वडी ठेवली, "तिळगूळ घ्या, गोड बोला." आक्कांनी ती कपाळाला लावली आणि पदराच्या टोकाला बांधली.

"आत्ता खा की," वहिनी म्हणाल्या.

"नातवाला नेते."

"नातवासाठी वेगळ्या देते. ही तुम्ही खा."

"खाऊ नका आक्का," मी म्हटलं, "त्या वडीनं माझी सात हजारांची टोपी उडवलीय." आणि पुडी उघडून दाखवली. भिंतीच्या खाचेत कागदावर ती एवढीशी दाढ. वरून दातासारखी पांढरी, आतून पोकळ, तळाशी कडेला वाळलेलं सिमेंट.

आक्कांनी वाकून पाहिलं. हात लावला नाही. "सात हजार?" त्यांनी मनात काहीतरी जमवलं. "म्हणजी तुमच्या दोघींकडच्या महिन्याच्या पोळ्या." मग गालावर बोट ठेवून म्हणाल्या, "माजी बी हीच दाढ. ह्याच अंगाची. ऐंशी रुपयांत गेली. अर्धा तास बी लागला न्हाई."

आता इथं मी जरा थांबते, कारण त्या क्षणी मलाही थांबावं लागलं. दाढ तीच. कीड तीच. रात्री कानापर्यंत जाणारी कळही तीच असणार, त्यात काही सहकारनगर आणि जनता वसाहत असा भेद नसतो. माझ्या दाढेला काय झालं? तीन वेळा गेले, नस काढली, धुतलं, भरलं. मग माप द्यायला एकदा, कॅप बसवायला एकदा. पाच खेपा. दर वेळी दुपारची वेळ घेतलेली, कारण मला दुपारी काही काम नसतं. आणि आक्कांना?

"त्या डॉक्टरणीनं सांगितलं व्हतं की," आक्का म्हणाल्या. "कॉर्पोरेशनच्या दवाखान्यात. ल्हान पोरगीच व्हती. म्हणली, आजी दाढ वाचंल, पर चार-पाच डाव यावं लागंल, हितं न्हाई व्हत, मोठ्या हॉस्पिटलात जावं लागंल. म्या म्हणलं, बाई, काढून टाक. आत्ताच काढ."

"का हो?"

"पाच खेपा म्हंजी पाच खाडे, ताई. येकेका दिसाला चार घरं. लक्ष्मीनगरातली एक बाई तर दोन खाड्यांनंतर दुसरी बघती."

मी आजवर समजत होते की माझी दाढ पैशानं वाचली. पैसे लागलेच. पण त्याआधी लागल्या त्या पाच रिकाम्या दुपारी. दाताचा डॉक्टर कधीच एका भेटीत सोडत नाही. 'पुढच्या बुधवारी या' हे त्याचं ठरलेलं वाक्य. ते ज्याला परवडतं त्याचा दात राहतो. ज्याला 'आजच काय ते करा' म्हणावं लागतं त्याच्यासाठी डॉक्टरकडं एकच औजार उरतं, पक्कड.

वहिनींनी विचारलं, "मग बाकीचे?" आणि आक्कांनी हिशेब सांगितला. मी तो लिहून ठेवायला हवा होता, इतका सरळ सांगितला. पुढचा एक वसाहतीत नळावरच्या भांडणात गेला, कुणाची तरी घागर लागली. मागची दाढ धाकट्या मुलीच्या लग्नाच्या साली, कारण तेव्हा डॉक्टरला द्यायचे पैसे मांडवाला गेले. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दोन महिने एक सुळा ठणकत होता, दवाखाने बंद, कामंही बंद. लवंग आणि मशेरी यांवर दिवस काढले. उघडलं तेव्हा तो आपोआपच हलत होता. आपण फोटोंचे अल्बम ठेवतो. आक्कांना साल आठवायला दात पुरतात.

मशेरीचं नाव निघालंच आहे तर सांगते. वहिनींनी तोंड वाकडं केलं, "ती मशेरीच कारण आहे सगळ्याला." तसं ती कारण आहेच, नाही म्हणत नाही. तंबाखूचं पान तव्यावर काळंकुट्ट होईपर्यंत भाजायचं, चुरायचं आणि बोटानं हिरड्यांना लावायचं. सकाळी वसाहतीच्या बोळांतून गेलात तर त्या भाजक्या वासानं ठसका लागतो. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण तवा कोणाचा जप्त करणार? माझ्या डेंटिस्टनं एकदा सांगितलं होतं की तंबाखूनं हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळं हिरडीचा आजार झाला तरी रक्त येत नाही. बाईला वाटतं, मशेरीनं दात घट्ट झाले. आतून हाड चाललेलं असतं. आक्कांच्या जावेला गालाच्या आत पांढरा चट्टा आला होता, तिखट लागेना. तीही दोन वर्षं मशेरीच चोळत राहिली त्याच्यावर. पुढचं आक्का सांगत नाहीत, आणि आम्ही विचारत नाही.

"पर लागली कशी, ते इचारा की," आक्का म्हणाल्या. "बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडाय जात व्हतो. पंधरा वर्सांची व्हते म्या. सुकडी मिळायची, ती घरला न्यायची, धाकट्या भावंडांना. बाया म्हणायच्या, मशेरी लाव, भूक मरती." आणि हसल्या. हसताना पदर तोंडावर.

हा पदर. अकरा वर्षं आक्का आमच्याकडं येतात आणि अकरा वर्षं मी समजत होते, बाई जुन्या वळणाची आहे, मर्यादेनं हसते. यांना कौतुकानं सांगायचेसुद्धा, "बघा, कशी रीत आहे."

तसं पाहिलं तर सुरुवात आमची सगळ्यांची सारखीच होती. मी सदाशिव पेठेतल्या वाड्यात वाढले. न्हाणीघराच्या कोनाड्यात राखुंडीचा डबा. वडिलांना बढती मिळाल्यावर त्याच्या शेजारी नोगीची काळी माकडछाप पावडर आली, तीही मोठ्या माणसांसाठी. आक्कांच्या घरी चुलीतली राख आणि बाभळीची काडी. माझ्या सासूबाई गिरगावातल्या. त्यांची कवळी मुंबईतल्या एका चिनी दातवाल्यानं केलेली होती, आणि ती त्यांच्याबरोबरच गेली, इतकी पक्की. तेव्हा साठीला बोळकं होणं हे केस पिकण्यासारखं होतं, बंगल्यातही आणि झोपडीतही. मग मधल्या तीस-चाळीस वर्षांत आम्ही ब्रश, पेस्ट, फिलिंग, रूट कॅनाल, कॅप, इम्प्लांट अशी एकेक पायरी चढत गेलो. आता माझ्या वयाच्या भिशीतल्या बायकांत कवळीवाली शोधावी लागते. आणि आक्का राखेवरून मशेरीवर गेल्या, तिथंच थांबल्या.

नानांनी पेपर खाली ठेवला. म्हणजे आता भाषण. "जपानमध्ये १९८९ पासून मोहीम आहे, ऐंशीव्या वर्षी वीस दात. कळलं? वीस दात असले की माणूस बहुतेक सगळं चावून खातो. माझं पुढच्या वर्षी ऐंशी. आज सकाळी मोजले, एकवीस."

"एक जास्तीचा आहे, तो कोणाला द्यायचा?" वहिनी.

"तुझ्या तिळाच्या वडीला."

मोजतात ते खरंच. आरशासमोर, जिभेनं, दर सोमवारी. त्यांना मधुमेह आहे आणि डॉक्टरनं बजावलंय की साखर वाढली की हिरड्या सुजतात, आणि हिरड्या सुजल्या की साखर आटोक्यात येत नाही. त्यामुळं दर सहा महिन्यांनी सफाई. रक्तदाबाच्या गोळीनं तोंड कोरडं पडतं, लाळ कमी झाली की कीड लवकर धरते, म्हणून उशाशी पाण्याचा तांब्या. एवढं सगळं करायला एक माणूस मागं लागणारं असावं लागतं. नानांना वहिनी आहेत.

आक्कांनी विचारलं, "मला किती ठिवावं लागतील जपानात?"

आम्ही तिघंही गप्प. मग त्याच म्हणाल्या, "आता एक बी न्हाई. दिवाळीनंतर शेवटचं दोन काढलं."

"का? दुखत होते?"

"न्हाई. त्या पोरीला पायजे व्हतं."

ही पोरगी कोण, तर डेंटल कॉलेजातली शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. तिच्यासारख्या पोरापोरींना परीक्षेआधी ठरावीक इतक्या कवळ्या स्वतःच्या हातानं करून दाखवाव्या लागतात. आता दात काढायला पेशंट रांगेनं मिळतात, पण पूर्ण बोळकं, तेही पाच-सहा खेपा येईन म्हणणारं, कुठून आणायचं? म्हणून ही मुलं वस्त्यांतून, देवळांतून, बस स्टॉपवरून आजी-आजोबा शोधत हिंडतात. कधी कॉलेजची फी स्वतःच भरतात, रिक्षाचे पैसे देतात. गणपतीत वसाहतीतल्या मंडळानं दातांची तपासणी ठेवली होती, तिथं हिनं आक्कांना हेरलं.

"माजं तोंड बघितलं आन् पोरीचं तोंड उतरलं," आक्का रंगात येऊन सांगायला लागल्या. "म्हणली, आजी, तुमचं दोन हायेत की अजून! म्या म्हणलं, माफ कर बाई, राह्यलं चुकून."

नाना इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

ते दोन दात हलतच होते, तिच्या सरांनीही पाहून काढायलाच सांगितले. मग हिरड्या भरून यायला दीड-दोन महिने. आता मापं सुरू झालीत. आक्कांनी दोन्ही हातांनी दाखवलं, लाखेसारखी तांबडी वडी असते, ती गरम पाण्यात मऊ करायची, पत्र्याच्या ताटलीत थापायची आणि तोंडात दाबून धरायची. "जीव घाबरा हुतो. पर पोरगी लई ग्वाड. म्हणती, आजी, नाकानं श्वास घ्या, शंभर मोजा. मला येतं कुटं शंभर? म्या इठ्ठल इठ्ठल म्हणत बसले." हे पहिलं माप. मग दुसरं, बारीक. मग जबडा कुठं मिटतो ते बघायचं. मग मेणात दात रोवून तोंडात घालून बघायचे. मग पक्की कवळी. आणि ती टोचली की घासून घ्यायला अजून दोन-तीन खेपा.

"रंग इचारला तिनं. असा पंखाच केला व्हता दातांचा, पांढऱ्यापासून पिवळ्यापत्तूर. म्या म्हणलं, पिवळाच दे. लई पांढरं दिलंस तर वस्तीत म्हणतील, म्हातारी शिरेलीत निघाली."

"हे सरकारी योजनेत नव्हतं का हो मिळत?" वहिनींनी नानांना विचारलं, कारण योजना हा नानांचा प्रांत. तर मिळतं. म्हणजे केंद्राच्या २०१७ च्या वयोश्री योजनेत काठी, वॉकर, चष्मा, श्रवणयंत्र यांच्या जोडीला कवळी आहे, पण त्याचं शिबिर कधी आणि कुठं लागतं ते समजेपर्यंत शिबिर उठलेलं असतं. आणि राज्याची २०२४ ची मुख्यमंत्री वयोश्री, तिच्यात एकदाच तीन हजार रुपये. त्यात काय घ्यायचं त्याची यादी नानांनी मला एकदा वाचून दाखवली होती. चष्मा, श्रवणयंत्र, काठी, चाकाची खुर्ची, वॉकर, कमोडची खुर्ची, गुडघ्याचा पट्टा, कमरेचा पट्टा, मानेचा पट्टा. डोळे आले, कान आले, मान आली. मधलं तोंड तेवढं गाळलं. आक्कांना ते तीन हजार आले होते. चष्मा केला, उरलेल्यात गॅसची टाकी भरली. लाडक्या बहिणीत त्या बसत नाहीत, तिथं पासष्टला बहिणीचं वय संपतं. श्रावणबाळचे महिन्याला दीड हजार मिळतात, ते मुलाच्या हातात जातात.

"आणि पहिलं माप झालं कधी?" मी विचारलं.

"गेल्या बुधवारी."

वहिनींनी मान वर केली. "बुधवारी? बुधवारी तर तुम्ही म्हणालात, गावाकडून पाहुणे आलेत."

आक्का काही बोलल्या नाहीत. पदराची गाठ सोडली, परत बांधली. वडी आतच होती.

"खोटं बोलले," शेवटी म्हणाल्या. "दातासाठी सुट्टी म्हणलं असतं तर हसला असता. म्हातारीला आता दात कशाला म्हणाला असता."

मला वाटलं, आपण असं कधीच म्हटलं नसतं. वहिनींनाही तेच वाटलं असावं. पण मी आत गेले, पुडी आणि फोन ठेवायला म्हणून, आणि स्वयंपाकघरातल्या 'कालनिर्णय'कडं नजर गेली. जानेवारीच्या पानावर बुधवारच्या चौकोनात माझ्याच हातची फुली. आक्कांचा खाडा. खुंटीवरून गेल्या वर्षाचं काढून पाहिलं, दिवाळीनंतरच्या आठवड्यात दोन फुल्या, शेजारीशेजारी. त्या दोन दातांच्या. आणि त्याच पानावर, निळ्या पेननं, व्यवस्थित गोल केलेले माझे दिवस. डेंटिस्ट, पावणेचार. डेंटिस्ट, चार. फुलीच्या दिवसाचे पैसे मी कापले होते. सगळेच कापतात. महिन्याला दोन सुट्ट्या, पुढं खाडा, असं आमच्या भिशीत एकदा सर्वानुमते ठरलं होतं.

मी बाहेर आले तेव्हा वहिनी आणि आक्का यांचं पुढचं सुरू झालं होतं. सोमवारी वहिनींचं हळदीकुंकू. चाळीस बायका. गुळपोळ्या घरच्याच, ते म्हणजे वहिनींच्या इभ्रतीचं, आणि त्या आक्कांशिवाय होत नाहीत, कारण सारण कडेपर्यंत जायला हात लागतो. आणि दुसरं माप सोमवारीच.

"येते की," आक्का म्हणत होत्या. "माप काय, फुडं करता येईल."

"पुढं म्हणजे कधी?"

"पोरगी म्हणली, परीक्षा हाय तिची. तिच्या सायबानं वार लावून दिल्यात. बघू."

"आपण मंगळवारी करू या का?" वहिनी माझ्याकडं बघत म्हणाल्या, जणू हळदीकुंकू माझंच होतं. "निमंत्रणं गेलीत हो. फोन करावे लागतील सगळ्यांना."

"रथसप्तमीपर्यंत कधीही चालतं," मी म्हटलं. "वीस फोन मी करते."

"आणि कारण काय सांगायचं?"

"पाक बिघडला म्हणून सांग," नाना पेपराआडून म्हणाले.

वहिनींनी नानांकडं दुर्लक्ष केलं आणि आतून वाणाचा नमुना दाखवायला घेऊन आल्या. या वर्षी स्टीलच्या डब्या लुटणार आहेत, बसक्या, झाकणाच्या. तुळशीबागेतून घासाघीस करून आणलेल्या. आक्कांनी एक हातात घेतली. झाकण काढलं, बसवलं. परत काढलं. आत दोन बोटं घालून खोली पाहिली.

"ताई, ह्यात बसंल का वं? रात्री पाण्यात ठिवायची आसती म्हणं."

"आमच्या ह्यांची वरची बसेल," मी म्हटलं. "दोन्ही नाही मावायच्या."

वहिनी परत आत गेल्या आणि दुसरी डबी घेऊन आल्या.